खालच्या ओळी

त्या सरोवरावर राजा नव्हता. एक कडा होता आणि कड्यावर कोरलेला कायदा होता.

राजा पूर्वी होता. समुद्रापलीकडच्या सुळक्यावर बसून एक म्हातारा गरुड या पाण्यातल्या माशांवर आपला हिस्सा सांगत असे, आणि इथल्या पाखरांचे झडलेले पीससुद्धा आपल्याकडे पोचले पाहिजे असा त्याचा हुकूम होता. एके वर्षी पाखरांनी हिस्सा द्यायचे नाकारले. गरुडाने ससाणे पाठवले, ते हरून परत गेले आणि सरोवर मोकळे झाले. मोकळे झाल्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला, की आता ऐकायचे कोणाचे? तेव्हा बेटाबेटांवरचे जाणते पक्षी एक सबंध उन्हाळा वेताच्या जाळीत स्वतःला कोंडून घेऊन बसले. मोठ्या बेटांचे म्हणणे, आमची संख्या मोठी तर आमचा शब्दही मोठा असावा. लहान बेटे म्हणत, असेच असेल तर गरुड काय वाईट होता? रुसवे झाले. काहीजण उठून गेले, काही परत आले. अखेर जे ठरले ते सुतारपक्ष्यांनी सरोवराच्या मधोमध उभ्या असलेल्या जांभ्याच्या कड्यावर कोरले.

कोरले ते अगदी वर, माथ्यालगत. ठरवणारे सगळे उडणारे होते. उडत जावे, माथ्यावर बसावे, मान खाली करून वाचावे, हे त्यांना सोयीचे वाटले. ज्याला उडता येत नाही त्याने काय करावे, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही. आला असेल तर तो वेताच्या जाळीतच राहिला.

कायदा मात्र चांगला होता. असा कायदा त्याआधी कोणत्याही पाण्यावर झाला नव्हता. सभेचा अध्यक्ष म्हणून झोळीवाला निवडला जाई, कारण त्याच्या चोचीखालच्या झोळीत सगळ्यांचे खडे मावत. हो म्हणणाऱ्याने पांढरा खडा टाकायचा, नाही म्हणणाऱ्याने काळा. मुदत संपली की झोळीवाला आपणहून उठे आणि दुसऱ्याला जागा देई. हे पहिल्यांदा घडले तेव्हा दूरदूरच्या तळ्यांवरचे पक्षी नुसते पाहायला म्हणून आले होते.

कायदा बदलायचीही रीत त्यातच सांगितलेली होती. सभेतल्या दर तिघांपैकी दोघांनी हो म्हणावे, मग दर चारांपैकी तीन बेटांनी हो म्हणावे, आणि मगच कड्यावर नवी ओळ चढावी. लहान पाखरांनी ही रीत लगेच वापरून पाहिली. त्यांचे म्हणणे असे, की सभेने काय करावे ते सगळे कायद्यात आहे, सभेने आम्हाला काय करू नये ते कुठे आहे? म्हणून मूळ मजकुराच्या खाली आणखी काही ओळी आल्या. कोणी कोणाचा गळा दाबून गाणे बंद करू नये. कारणाशिवाय कोणाचे घरटे उसकटू नये. ऐकून घेतल्याखेरीज कोणाला शिक्षा करू नये. या ओळी लहान पाखरांना पाठ असत.

भुरीला त्या ऐकून माहीत होत्या.

भुरी ही करकोची दक्षिणेच्या एका बेटावर अंड्यातून बाहेर आली. त्या बेटांवर देवभात नावाचे रानभात पिके. ते चिखलात उभे राहून काढावे लागे, आणि तिथल्या हंसांना चिखल आवडत नसे. म्हणून लांबच्या दलदलींत जाळी टाकून करकोचे धरून आणले जात आणि खेकड्याच्या नांगीने त्यांचे पंख छाटले जात. पुढे धरून आणायचीही गरज राहिली नाही. करकोच्यांची पिल्लेच घरट्यात छाटली जाऊ लागली, पहिले पीस फुटायच्या आत, सांध्यापाशी. असे छाटले की पंख दिसायला पंखच राहतो. उघडतो, मिटतो, वारा मात्र धरत नाही.

दर वर्षी पाऊस संपला की एक साळुंकी बेटोबेटी जाऊन कायदा म्हणून दाखवी. हंस झाडाच्या सावलीत बसून ऐकत. करकोचे चिखलात वाकलेले असत, पण कान वाकवता येत नाहीत. एका वर्षी भुरीचे लक्ष एका वाक्याकडे गेले. सभेत कोणत्या बेटाला किती जागा, हे तिथल्या पाखरांची मोजणी करून ठरवावे, असे ते वाक्य होते. मोजताना मोकळे पक्षी सगळे धरावेत, आणि इतरांपैकी दर पाचांना तीन धरावेत.

साळुंकी पाणी प्यायला काठावर उतरली तेव्हा भुरी तिच्याजवळ सरकली.

"साळुंकीबाई, हे इतर म्हणजे कोण?"

साळुंकीने मागे वळून पाहिले. हंस लांब होते.

"तुम्ही," ती म्हणाली.

"मग करकोचे असं सरळ का नाही लिहिलं?"

"ते मी कसं सांगू? जे कोरलंय ते मी म्हणते."

"छाटलेले, असं तरी कुठे आहे का?"

साळुंकीने सगळा कायदा मनातल्या मनात वरून खाली म्हणून पाहिला. तिलाही हे आज पहिल्यांदाच जाणवत होते. "नाही गं," ती म्हणाली. "तो शब्द कुठेच नाही."

"आणि आम्हाला मोजून जी जागा वाढते, तिथे कोण बसतं?"

साळुंकीने सावलीतल्या हंसांकडे पाहिले आणि ती उडून गेली.

संध्याकाळी भुरीने ही गोष्ट आपल्या नराला सांगितली. त्याचे नाव काजळ्या.

"त्यांना तो शब्द लिहिताना लाज वाटली," ती म्हणाली. "ज्याची लाज वाटते ते फार दिवस धरून ठेवता येत नाही, काजळ्या."

"लाज वाटली म्हणून नांगी थांबली का?" काजळ्या म्हणाला. त्याला हंसांची लाज नको होती, आपले पंख हवे होते. पण भुरी त्या दिवसापासून वाकून देवभात काढताना वेगळीच दिसू लागली. जणू तिला कोणाचे तरी गुपित सापडले होते आणि ते केव्हा बाहेर काढायचे एवढेच ठरायचे राहिले होते.

उत्तरेच्या बेटांनी छाटणे कधीच सोडले होते. देवभात खाणे मात्र सोडले नव्हते, त्यामुळे ती बेटे बरीच वर्षे मान फिरवून राहिली. पुढे पाणी हटून सरोवरात नवी बेटे वर आली. या नव्या मातीवर छाटता येईल की नाही, यावरून भांडण पेटले. दक्षिणेचे हंस म्हणाले, कडा तुमचा तुम्हाला ठेवा, आम्ही वेगळे होतो. उत्तरेने उत्तर दिले, की कडा एक आहे आणि सरोवरही एकच राहील. मग जे युद्ध झाले ते गरुडाबरोबरच्या झुंजीपेक्षा कितीतरी भयंकर होते. पाण्यावर इतकी पिसे तरंगली की माशांना कित्येक दिवस ऊन दिसले नाही.

करकोचे या गोंधळात उथळ पाण्यातून चालत उत्तरेला गेले आणि उत्तरेच्या बाजूने लढले. उडता येत नसल्यामुळे त्यांना मागे हटता येत नसे, म्हणून ते मागे हटले नाहीत. काजळ्या एका वाळूच्या पट्ट्यावर पडला. भुरी त्याच्यापाशी पोचली तेव्हा त्याचे दोन्ही पंख पूर्ण उघडे होते. तिने ते मिटवले नाहीत.

हंस हरले. त्यांच्या नांग्या गोळा करून खोल पाण्यात फेकल्या गेल्या आणि उत्तरेची पाखरे थकून आपापल्या घरट्यांकडे निघाली. जे व्हायचे ते होऊन गेले, असे त्यांना वाटत होते. भुरीला तसे वाटत नव्हते. ती दक्षिणेच्या बेटावरून निघाली आणि वाटेतल्या प्रत्येक बेटावरच्या करकोच्यांना बरोबर घेत, जिथे पाणी गळ्याशी येई तिथे चोच वर धरून, चालत कड्यापाशी आली. वाटेत तिला धवला भेटली. धवला उत्तरेची बगळी. छाटणाऱ्यांविरुद्ध ती कित्येक वर्षे घसा फोडून बोलत आली होती आणि तिच्या स्वतःच्या बेटावरचे बगळे तिला कटकट म्हणत.

"तू सभेत कशी बोलणार?" धवला म्हणाली. "मादीला तिथे तोंड उघडू देत नाहीत. मलासुद्धा देत नाहीत."

"उघडल्यावर कळेल," भुरी म्हणाली.

कड्याच्या पायथ्याच्या सपाट खडकावर सभा भरली होती. उत्तरेचा एक जाडजूड चक्रवाक बोलत होता. "आता कोरायचं काय राहिलंय? नांग्या पाण्यात गेल्या. छाटणारे हरले. पुन्हा पुन्हा कडा फोडायचा म्हणजे कायद्याचा मान तो काय राहिला?"

"खेकडे संपले का?" मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिले. छाती गाळाने माखलेली एक करकोची उभी होती आणि तिच्या मागे पाण्यात, दिसेल तिथपर्यंत, करकोचेच उभे होते.

"नांग्या तुम्ही फेकल्यात," भुरी म्हणाली. "खेकडे तळाशी आहेतच. रोज नव्या नांग्या फुटतायत त्यांना. आज तुम्ही आहात, तुम्हाला युद्ध आठवतंय. उद्या तुम्ही नसाल. तेव्हा माझ्या नातीला कोणी धरलं तर तिने काय दाखवायचं? तुमची आठवण? तिला दाखवायला काहीतरी खडकावर पाहिजे."

अध्यक्षाने तिला बसायला सांगायचे होते, तशी रीत होती. पण त्या वर्षीचा झोळीवाला युद्धात आपली दोन पिल्ले गमावून आला होता. चोच उघडून, झोळी पसरून तो खडे घ्यायला उभा राहिला.

ओळी कोरल्या गेल्या. या पाण्यावर कोणी कोणाचे पंख छाटणार नाही. जो इथे अंड्यातून निघाला तो इथला, आणि कायद्याची सावली सगळ्यांवर सारखी. आणखी एक ओळ: पिसांच्या रंगावरून किंवा पूर्वी छाटलेला होता म्हणून कोणाचा खडा नाकारला जाणार नाही. कोरणाऱ्या सुतारपक्ष्याचे नाव ठोक्या. तो शेवटचे अक्षर पुरे करून खाली उतरला तेव्हा भुरी त्याची वाट पाहत होती.

"आता वर जा आणि ती पाचांना तीनची ओळ खरवडून टाक."

"नाही जमणार, भुरीबाई."

"दगड कठीण आहे?"

"दगड मऊच आहे. पण नवी ओळ कशी घालायची एवढंच कायद्यात सांगितलंय. जुनी खरवडायची कशी, ते कुणी लिहूनच ठेवलं नाही."

"म्हणजे ती तशीच राहणार?"

"राहील. पण चालणार नाही. खालच्या ओळीपुढे वरच्या ओळीचं काही चालत नाही." ठोक्याने चोच दगडावर घासून साफ केली. "मी काय, मीही ती पुसली असती. पण आज मी ती पुसली, तर उद्या माझ्यानंतरचा कोणी तुमची पुसेल."

भुरीला हे पटले. राग मात्र गेला नाही. सगळे करकोचे पाण्यात पाय आपटून आनंद करत असताना ती कड्याकडे पाठ करून बसून राहिली.

तिच्या शेजारी धवलाही पाठ करून बसली होती. तिचे दुःख वेगळे होते. खडा कोणाला मिळेल हे ठरवताना सभेने 'नर' हा शब्द कोरला होता. मूळ कायद्यातसुद्धा तो नव्हता.

"मी तुमच्यासाठी एवढी ओरडले," धवला म्हणाली. "तुझ्या मुलांना खडा मिळाला. मला काय मिळालं? म्हणाले, ही वेळ तुमची नव्हे."

"माझ्या मुलांना खडा मिळाला, मला नाही," भुरी म्हणाली. "मी करकोचीही आहे आणि मादीही आहे, धवला. तू माझ्यावर कुठल्या बाजूने रागावतेयस?"

धवला चिडून उडून गेली. काही दिवसांनी ती परत आली, एक मासा घेऊन, आणि तो दोघींच्या मध्ये ठेवला. त्या दिवसापासून त्या दोघी एकत्र कामाला लागल्या. धवला उडत बेटोबेटी जाई, भुरी चालत. धवला आधी पोचे, पण भुरी जिथे पोचे तिथे जास्त दिवस राहत असे.

दक्षिणेत काय चालले आहे ते अशा फिरतीतच भुरीला दिसले. हंस हरले होते, पण बेटे त्यांचीच होती. करकोच्यांचा खडा नाकारता येत नाही, हे कोरलेले होते. मग हंसांनी खडा नाकारला नाही. झोळीकडे जायच्या वाटेवर त्यांनी एक पाणकावळा बसवला. ज्याला खडा टाकायचा आहे त्याने आधी त्याच्यापुढे एक मासा ठेवायचा. मासा केवढा, ते पाणकावळा समोरच्याची पिसे पाहून ठरवी. आणि ज्याच्या आजोबांनी खडा टाकला होता त्याला मासा माफ. भुरीची मुले एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, मग जाईनाशी झाली. कड्यावरची ओळ तशीच होती. फक्त तिच्यात हळूहळू शेवाळ भरत गेले.

"आई, ती ओळ आहे, पण तिचा उपयोग काय?" थोरला म्हणाला.

"आहे ना? मग होईल," भुरी म्हणाली. ती कड्याशी जाऊन चोचीने शेवाळ काढत असे. बोलून काही होत नसेल तेव्हा तिला हे काम बरे वाटे.

मधल्या काळात सरोवराने एक वेडेपणाही केला. मोहाची फुले पाण्यात पडून आंबत आणि ती खाऊन नर पक्षी घरट्याची वाट चुकत, अंडी फोडत, भांडणे उकरून काढत. तेव्हा मोठ्या उत्साहाने कड्यावर ओळ चढली, की मोहाचे फूल यापुढे कोणी खाऊ नये. पहिले काही दिवस सगळे सुतासारखे सरळ झाले. नंतर प्रत्येक लव्हाळ्याच्या बेचक्यात गुपचूप फुले साठू लागली. घारी फुलांच्या राखणीला बसून गबर झाल्या. आणि पूर्वी फुलाला कधी न शिवलेले वंचक बगळेसुद्धा नुसत्या कुतूहलाने झुलू लागले. काही वर्षांनी सभेने मुकाट्याने तिच्याखाली दुसरी ओळ घातली, की वरची मोहाची ओळ रद्द. दोन्ही ओळी अजून आहेत. ठोक्या तेव्हा फार म्हातारा झाला होता. ती ओळ कोरताना तो इतका हसला की एक वेलांटी वाकडी गेली.

या दोन ओळींच्या मधल्या काळातच मादीच्या खड्याचा निकाल लागला. सभेने हो म्हटले होते. बेटे एकेक करून हो म्हणत गेली, आणि अखेर सगळे एका बेटावर येऊन अडले. त्या बेटावर हो आणि नाही बरोबरीला आले होते. राहिला एक तरुण खंड्या. तो काळा खडा चोचीत घट्ट धरून झोळीपाशी आला. त्याची आई काठावरच्या फांदीवर बसली होती.

"काय रे," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पाण्यात सूर मारायला तुला कोणी शिकवलं?"

खंड्याने खडा चोचीत आणखी घट्ट आवळला.

"मी विचारतेय. कोणी शिकवलं?"

आई विचारते आहे आणि मुलगा उत्तर देत नाही, हे त्या बेटावर चालत नसे. खंड्याने चोच उघडली. "तू," तो म्हणाला. काळा खडा टपकन पाण्यात पडला.

तो चुकून पडला की त्याने पाडला, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. खंड्याने क्षणभर पाण्याकडे पाहिले, मग काठावरचा एक पांढरा खडा उचलला आणि झोळीत टाकला. लव्हाळ्यात दडून बसलेल्या धवलाने अशी आरोळी ठोकली, की झोळीवाला दचकून मागे सरला.

धवला आपला पहिला खडा टाकायला निघाली तेव्हा तिने भुरीला बरोबर घेतले. दक्षिणेच्या बेटावर आधी भुरीने टाकायचा, मग आपण उत्तरेला जायचे, असा तिचा बेत होता. वाटेवर पाणकावळा बसलेला होताच.

"मासा," तो म्हणाला. भुरीची पिसे पाहून त्याने बराच मोठा मासा सांगितला.

"अगं, मी आणते," धवला म्हणाली. "आत्ता आणते, एका झडपेत."

"मासा मलाही धरता येतो," भुरी म्हणाली. "द्यायचा नाहीये."

"मग खडा टाकता येणार नाही," पाणकावळा म्हणाला.

"तर मी इथे उभी राहते."

करकोच्यांना उभे राहणे येते. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात त्यांनी दुसरे केले काय होते? भुरी चोचीत पांढरा खडा धरून वाटेच्या मधोमध उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिचा थोरला येऊन शेजारी उभा राहिला, मग धाकटा, मग शेजारच्या बेटावरची सगळी. हंसांनी आरडाओरडा केला, पाणी उडवले, टोचले. करकोच्यांपैकी कोणी उलटून टोचले नाही आणि कोणी हललेही नाही. काहींना फार लागले. एक तरुण करकोचा त्या वाटेवरच मेला, आणि त्याची जागा त्याच्या बहिणीने घेतली. इतर बेटांवरचे पक्षी उडत यायचे, वर घिरट्या घालून पाहायचे आणि अस्वस्थ होऊन परत जायचे. धवला थकली, आजारी पडली आणि भुरीच्या शेजारी उभी असतानाच एका दुपारी गेली. भुरी हलली नाही. फक्त त्या दिवशी तिने चोचीतला खडा काढून खाली ठेवला आणि मोठ्याने एकदा धवलाचे नाव घेतले.

शेवटी सभेलाच लाज वाटू लागली. तिघांपैकी दोघे हो म्हणाले. मग बेटे हो म्हणत गेली. खडा टाकायला कोणालाही मासा द्यावा लागणार नाही. ही ओळ कोरायला ठोक्याची पणती आली होती. कड्यावर आता जागा राहिली होती ती अगदी तळाशी, त्यामुळे तिने पाण्यात पाय बुडवून ती ओळ कोरली.

भुरी आता पार म्हातारी झाली होती. पाणकावळ्याची जागा रिकामी होती. ती तिथून पुढे गेली आणि तिने आपला खडा झोळीत टाकला. तो कितीतरी दिवस चोचीत राहून गुळगुळीत झाला होता. झोळीवाल्याने मान लववली.

सगळ्यांना वाटले, आता ती परत जाईल. भुरी मात्र कड्याकडे वळली.

"कुठे चाललीस, आजी?" नातीने विचारले.

"वर," भुरी म्हणाली.

कड्याच्या पायथ्याशी एक म्हातारा हंस बसलेला होता. एका करकोचीला वाट द्यायला उठलो तर आपला मान जाईल, असे वाटून तो जागचा हलला नाही. भुरीने शेवटच्या ओळीच्या खोबणीत पाय रोवलेला पाहून मात्र त्याला राहवले नाही.

"अक्षरांना पाय लावतेस? कायदा आहे तो!"

"मला उडायला पंख नाहीत, दादा," भुरी म्हणाली. "तुमच्याच लोकांनी ठेवले नाहीत. मी दुसरी कशी जाऊ?"

तिने खाली वाकून अक्षराला चोच टेकवली, आणि मग दुसरा पाय ठेवला. अशीच ती वर चढू लागली. प्रत्येक ओळीला आधी चोच, मग पाय. मासा द्यावा लागणार नाही, ही ओळ. मोहाची दुसरी ओळ, तिची वाकडी वेलांटी नखाला चांगली लागली. मादीच्या खड्याची ओळ. तिथे ती थोडा वेळ थांबली. मोहाची पहिली ओळ. रंगावरून नाकारला जाणार नाही, हिच्यातले शेवाळ तिने स्वतःच काढलेले होते. सावली सारखी. पंख छाटणार नाही. मग लहान पाखरांच्या जुन्या ओळी, एकाखाली एक, जिन्यासारख्या. खाली सरोवरावरचे सगळे पक्षी मान वर करून पाहत होते.

त्याच्यावर मूळ मजकूर होता. तिथे कड्याला फुगवटा होता, आणि त्या फुगवट्यावर पाय ठेवायला एकच खोबण होती. पाचांना तीन धरावेत. अक्षरे खोल होती; कोरणाऱ्यांनी ती काळजीपूर्वक कोरली होती. भुरीने त्या ओळीकडे बराच वेळ पाहिले. ती ओळ खरवडली गेली असती तर इथे नुसता गुळगुळीत दगड असता. तिथे तिने चोच टेकवली नाही. तिने पाय ठेवला, सगळा भार त्या ओळीवर दिला आणि वर झाली.

माथ्यावर वारा होता. भुरीने आपले वारा न धरणारे पंख पूर्ण उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळे सरोवर एकदम पाहिले. उत्तरेची बेटे, दक्षिणेची बेटे, काजळ्या पडला तो वाळूचा पट्टा, सगळे एकाच पाण्यात उभे होते. तिच्या पायाशी कायद्याची पहिली ओळ होती. ती तिने एकटीनेच मोठ्याने वाचली: आम्ही या पाण्यावरचे सर्व.

मग तिला खालून खडक खरडल्याचा आवाज आला म्हणून तिने वाकून पाहिले. पाण्याला टेकलेल्या शेवटच्या ओळीत कोणीतरी पाय रोवला होता आणि वर येऊ लागले होते. कोण, ते एवढ्या उंचीवरून ओळखू येत नव्हते.